जुनी कार्बनची सायकल : पारख आणि व्यवहार

(भोपाळ येथील अरेरा कॉलनीत मराठी भाषिकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला. सचिवालयाच्या दप्तरांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबेही त्या काळात येथे आली. त्या पिढीतील कारकुनाचे व शिक्षकाचे वाहन म्हणजे सायकल. वीस किलोंच्या आसपास वजनाची ती काळी लोखंडी सायकल बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून आणखी कोणाकडे जाई. ती जुनी घेताना कोणाचा सल्ला घ्यावा लागत नसे. वाकलेले डोळ्यांना दिसे, गंजलेले हाताला लागे आणि सैल झालेले कानाला ऐकू येई.

आज पहाटे याच वसाहतीतून केरवा धरणाच्या रस्त्याला लागणाऱ्या काही सायकली निराळ्या आहेत. त्यांची फ्रेम कार्बनच्या धाग्यांची असते. नुसत्या फ्रेमचे वजन किलोभर आणि संपूर्ण सायकलीचे सात ते नऊ किलो भरते. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी असू नये, असा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा नियमच आहे. अशी नवी सायकल बहुधा लाख रुपयांच्या पुढे जाते. म्हणून जुनीकडे लक्ष वळते.

हा केवळ शहरातील हौशी मंडळींचा विषय राहिलेला नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा उदाहरणांनी तालुक्याच्या गावातील मुलामुलींच्या मनातही सायकल-शर्यतीची ओढ निर्माण होते. मग गावाकडचा पुतण्या भोपाळच्या काकांना कळवतो की, तुमच्याकडे एक सायकल विकाऊ आहे, जरा पाहून ठेवा. त्यासाठी येणारा पैसा एखाद्या घराच्या सोयाबीनचा किंवा कापसाचा असतो. त्या पैशाची आणि त्या मुलाच्या जिवाची जबाबदारी अशा वेळी काकांवर येते. म्हणून हा विषय येथे मांडीत आहे.

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, पायांची ठेवण पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि बाजाराची पावती घेतल्याशिवाय दोर हाती घेत नाही. जुन्या कार्बन-सायकलीच्या खरेदीत नेमक्या याच दोन गोष्टी अवघड होतात. तिच्या अंगातील भेग पुष्कळदा दिसत नाही आणि तिची मालकी कोठेही नोंदलेली नसते. खरेदीदाराची सारी दक्षता या दोन ठिकाणी लागली पाहिजे.

कार्बन मोडतो कसा?

कार्बनचे अत्यंत बारीक धागे चिकट राळेत भिजवून त्यांचे थर साच्यात एकावर एक रचतात आणि उष्णता व दाब देऊन ते पक्के करतात. ज्या दिशेने ताण येणार त्या दिशेने धागे घातलेले असतात. म्हणून ही फ्रेम नित्याच्या वापरात लोखंडासारखी भक्कम ठरते आणि तिला गंज चढत नाही. केवळ ती आठ-दहा वर्षांची आहे एवढ्यावरून तिला बाद ठरवण्याचे कारण नाही.

तिचा शत्रू म्हणजे आडवा आघात. दगडावर आपटणे, दुसऱ्या वाहनाचा धक्का लागणे किंवा पाना प्रमाणाबाहेर आवळणे यामुळे आतील थर एकमेकांपासून सुटतात. लोखंड अशा वेळी वाकते आणि आपणांस सूचना देते. कार्बन पुष्कळदा पूर्ववत दिसतो आणि वरचा रंगही शाबूत राहतो. पुढे एखाद्या उतारावर, वेगात असताना, तो एकाएकी तुटू शकतो. पुढील चाक धरणारा चिमटा किंवा हँडलची नळी तुटली, तर स्वाराला सावरण्यास अवधी मिळत नाही.

तपासणी कशी करावी?

सायकल दिवसाउजेडी, धुऊन पुसून आणि शक्य तेथे चिकटपट्ट्या काढून पाहावी. केवळ छायाचित्रे पाहून व्यवहार ठरवू नये. प्रथम दांडी, मग हँडलखालील जाड नळी, तिरकी नळी, पेडलच्या धुरीभोवतीचा भाग आणि शेवटी मागील चाकाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्या, असा क्रम ठेवावा. हँडल गर्रकन फिरून दांडीवर आपटल्याची खूण असल्यास तेथे विशेष थांबावे. रंगावरील ओरखडा आणि भेग यांतील फरक नखाने जाणवतो. नख अडकले, धाग्यांची कड दिसली किंवा अंगठ्याने दाबता तो भाग दबला, तर पुढे बोलणे थांबवावे.

यानंतर नाण्याने सर्व नळ्यांवर हलकेच टकटक करावी. निकोप भागातून टणक आवाज येतो, थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. मात्र नळीची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने आवाज थोडा बदलतोच. म्हणून डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा. या परीक्षेने संशय उत्पन्न होतो, निर्णय होत नाही. संशय आल्यास ध्वनिलहरींनी तपासणी करणाऱ्या जाणकाराकडे फ्रेम न्यावी, अन्यथा ती सोडून द्यावी.

सीटची नळी काढून दाखवण्यास विक्रेत्याला अवश्य सांगावे. अॅल्युमिनियम व कार्बन यांच्या संपर्काच्या जागी घाम आणि ओलावा मुरला, तर नळी आत घट्ट बसते व ती काढताना फ्रेम फुटू शकते. कार्बनचे भाग ठरावीक जोरानेच आवळावयाचे असतात. सीटच्या पकडीवर बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो आणि त्यासाठी जोर मोजणारा पाना मिळतो. साध्या पान्याने जीव खाऊन आवळल्याच्या खुणा तेथे दिसतात काय, ते पाहावे. चिमटा उतरवून त्याची हँडलमध्ये जाणारी नळी तपासता आली तर उत्तम. हे काम अनुभवी मिस्त्रीकडून करवावे. त्याची मजुरी हा वायफळ खर्च समजू नये.

साखळीची परीक्षा पट्टीनेही होते. नवी साखळी पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्यांना बरोबर १२ इंच भरते. ती एक-सोळांश इंचाने वाढली असेल तर साखळी बदलावी लागते. एक-अष्टमांशाने वाढली असेल तर बहुधा मागील दातेरी चकत्याही झिजलेल्या असतात. टायर, ब्रेकचे रबर व तारा यांचा हिशेब याच वेळी करावा आणि ती रक्कम किमतीतून वजा मागावी.

दुरुस्त केलेली फ्रेम सरसकट टाकाऊ नसते. कुशल कारागीर तुटलेला भाग नव्या थरांनी नीट जोडू शकतो. पण विक्रेत्याने ते आपण होऊन सांगितले पाहिजे. न सांगता नवा रंग चढवलेला असेल, तर रंगाखाली काय झाकले आहे, असा प्रश्न खरेदीदाराने विचारावयास हवा.

दुकानदार की खाजगी विक्रेता?

दोघांकडून घेण्यात लाभही आहेत आणि उणिवाही आहेत. घरगुती विक्रेत्याची किंमत सहसा कमी असते. त्याच्या घरी जाऊन सायकल कोठे ठेवली जाते ते पाहता येते. ती कधी पडली होती काय, किती चालली, का विकावयाची, हे प्रश्न प्रत्यक्ष स्वारालाच विचारता येतात. दुकानदाराला हा इतिहास पुष्कळदा ठाऊक नसतो, परंतु तो पावती देतो आणि त्याचे दुकान उद्याही त्याच जागी असते.

कायद्यानेही दोघांत भेद केला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम खरेदीदाराने सावध राहावे असा आहे. त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतल्यास तो विक्रीयोग्य असला पाहिजे, अशी अट कलम १६ मध्ये गृहीत धरली आहे. मात्र खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसून यावयास हवे होते अशा दोषांना ही अट लागू होत नाही. यास्तव वरवर पाहून पसंती देणे धोक्याचे आहे.

दुकानदाराने दोष लपवल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ही तक्रार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होते. म्हणजे भोपाळला सायकल घेणाऱ्या अमरावतीच्या माणसाला त्यासाठी भोपाळला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. आपली स्वतःची सायकल विकणारा गृहस्थ व्यापारी नसल्याने त्याच्याविरुद्ध ही वाट उपलब्ध होत नाही.

उत्पादकाची फ्रेमवरील हमी पुष्कळदा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, हेही ध्यानात ठेवावे. 'हमी शिल्लक आहे' असे कोणी म्हटल्यास ती आपल्या नावे चालेल काय, हे उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे. किमतीबाबत आणखी एक गोष्ट. सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीच्या बिलाचा आकडा दाखवून कोणी किंमत सांगत असेल, तर तीच सायकल आज नवी कितीला मिळते ते प्रथम पाहावे.

मालकीचा कागद

मोटार वाहनाला नोंदणी-पुस्तिका असते, सायकलीला नसते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन धातूचा बिल्ला देत असत. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही सायकल-कराची तरतूद करण्यात आली. त्या बिल्ल्याने निदान सायकल कोणाची हे कळत असे. आज तो आधार नाही. विक्रेता स्वतः मालक नसेल, तर खरेदीदारालाही मालकी मिळत नाही, हे माल विक्री कायद्याच्या कलम २७ चे तत्त्व आहे. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या चौथाईत सायकल मिळू लागली, तर आनंदापूर्वी शंका यावी.

म्हणून जो कागद शासन देत नाही, तो आपण करून घ्यावा. पेडलच्या धुरीखाली किंवा फ्रेमवर अन्यत्र कोरलेला वा छापलेला क्रमांक मूळ बिलाशी ताडून पाहावा. क्रमांक खरवडलेला असल्यास व्यवहार करू नये. नंतर एका कोऱ्या कागदावर दोघांची नावे व पत्ते, सायकलीचे नाव, क्रमांक, रंग, किंमत व दिनांक लिहावा. 'सायकल माझ्या मालकीची आहे. माझ्या माहितीप्रमाणे ती अपघातात सापडलेली नाही' किंवा 'अमुक जागी दुरुस्त केलेली आहे', असे वाक्य विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. दोघांच्या व एका साक्षीदाराच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि मूळ बिल ताब्यात घ्यावे. प्रामाणिक विक्रेता यास नकार देणार नाही. खाजगी व्यवहारात पुढे वाद उद्भवला, तर हाच कागद कामी येतो.

शेवटी, सायकल कोणत्या कामासाठी हवी याचा विचार अगोदर झाला पाहिजे. शाळेला जाणे, मागे कॅरिअर लावून धान्याचे पोते आणणे, पाणंदीच्या दगडांतून जाणे या कामांना लोखंडी सायकलच योग्य. कार्बनच्या नाजूक नळीवर कॅरिअर आवळणे म्हणजे ती मोडण्याची व्यवस्था करणे होय. शर्यतीची पहिली काही वर्षे अॅल्युमिनियमच्या सायकलीवरही उत्तम सराव होतो. क्रीडाशिक्षकांनी हे पालकांना स्पष्टपणे सांगावे. सायकल मनासारखी न भरल्यास काकांनीही पुतण्याला 'ही नको' असे मोकळेपणाने कळवावे. हंगाम पुन्हा येईल आणि दुसरी सायकलही मिळेल. तोवर मुलाचा सराव जुन्या सायकलीवर चालू राहू द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.