सपाट मुलुखातली डोंगरी सायकल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान बृहन्महाराष्ट्राच्या प्रश्नांवर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ती बाजूस सारून मी आज सायकलीवर बोलणार आहे; तीही हॉलंडातल्या सायकलीवर. आपल्या चिटणिसांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांच्या सौजन्याचा भंग होऊ नये म्हणून मी तो दोनदा सांगितला.

2024 च्या एप्रिलमध्ये मी मुलीकडे गेलो होतो. ती नेदरलँड्समधील वाखेनिंगन या गावी असते. शेतकीच्या विद्यापीठामुळे हे लहानसे गाव जगाला ठाऊक झाले आहे. (हॉलंड हे वास्तविक त्या देशाच्या पश्चिमेकडील दोन प्रांतांचे नाव, आणि वाखेनिंगन त्या प्रांतांत मोडत नाही. परंतु शाळेतल्या भूगोलापासून जिभेला लागलेले वळण या वयात काय सुटणार?) तिच्या घरामागच्या छोट्या खोलीत दोन सायकली होत्या. एक नेहमीची, ताठ बसून चालवायची, बाजारहाटाची. दुसरी मात्र पाहताच डोळ्यांत भरणारी: दोन-सव्वादोन इंचांचे जाडजूड, खाचाखाचांचे टायर, पुढच्या चाकाला धक्के शोषणारे दांडे, आडवे रुंद हँडल. माउंटन बाइक. म्हणजे डोंगरी सायकल.

मी मूळचा वाईचा. डोंगर म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. लहानपणी मोठ्या भावाची सायकल ढकलीत पसरणीचा घाट चढलो आहे आणि उतरताना ब्रेकची रबरे जळाल्याचा वास घेतला आहे. त्यामुळे मी सहजच विचारले, “अगं, या देशात डोंगर कोठे आहे?”

प्रश्न अस्थानी नव्हता. त्या देशाची सुमारे चौथाई भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचे सर्वांत उंच ठिकाण दक्षिणेस, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या सीमा मिळतात तेथे आहे, आणि त्याची उंची सुमारे 322 मीटर. वाईस कृष्णेच्या घाटावर पाय धुवावयास आपण उतरतो, ती जागाच समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे! डचांनी आपल्या त्या शिखराला ‘बेर्ख’ म्हणजे पर्वत म्हणावे, हे मला औदार्याचे लक्षण वाटले.

मुलगी म्हणाली, “रविवारी दाखवते.” आणि माझ्यासाठी तशीच एक सायकल भाड्याने घेऊन आली.

आता थोडा इतिहास सांगतो. या सायकलीचा जन्म खरोखरच डोंगरात झाला. 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या वाटांनी खाली उतरू लागले. एका उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. कारण तेथून उतरले की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. पुढे 1981 मध्ये कारखान्यात तयार झालेली अशी सायकल बाजारात आली आणि दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरली. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांचे ते पहिले सुवर्णपदक कोणी मिळविले असेल? स्विस? फ्रेंच? नाही. बार्ट ब्रेंत्येन्स नावाच्या डच तरुणाने. आणि मी परत आल्यावर काही महिन्यांतच, 2024 ची महिलांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत अँडोराच्या पर्वतांत झाली, तीही पुक पीटर्से या डच मुलीनेच जिंकली. ज्यांच्याकडे डोंगर नाहीत त्यांनी डोंगरी सायकलीत बाजी मारावी, हा काय प्रकार आहे? मला त्याचे उत्तर त्या रविवारी माझ्या गुडघ्यांनी दिले.

सकाळी आम्ही तराफ्यासारख्या सपाट होडीतून र्‍हाईन नदी ओलांडली. मोटारी, सायकली, माणसे सारी तीतूनच पलीकडे जातात. पलीकडचा मुलूख म्हणजे बेटुवे. र्‍हाईनची ही शाखा आणि वाल यांच्या बेचक्यातला हा फळबागांचा प्रदेश. सफरचंद, नासपती आणि चेरी यांचा. त्या दिवसांत बागा फुलल्या होत्या. नदीच्या कडेने उंच मातीचा बांध जातो आणि त्याच्या माथ्यावरून रस्ता. एका हाताला नदी व तिचे कुरण, दुसर्‍या हाताला खाली घरे, बागा, चर्चचे मनोरे. पूर आला की नदीचे पाणी या घरांच्या जमिनीहून वर चढते. 1995 च्या जानेवारीअखेर पाणी इतके चढले की बांध टिकेल याची शाश्वती राहिली नाही, आणि या नदीकाठच्या प्रदेशातून सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. बांध टिकला. माणसे परतली. माझा जन्म रेल्वेचे पूल बांधण्यात गेला, तेव्हा बांध दिसला की मी थांबणारच. मुलीने मला डचांच्या बांधांची नावे सांगितली. पाण्याला प्रत्यक्ष भिडलेला तो ‘जागता’ बांध, त्याच्या मागे राखीव उभा असलेला ‘निजलेला’, आणि त्याच्याही मागचा ‘स्वप्नाळू’. सरकारी खात्यात चाळीस वर्षे काढूनही मला अशी नावे कधी सुचली नाहीत.

मग वारा सुरू झाला. आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो आणि वारा नेमका तिकडूनच येत होता. श्रोतेहो, घाट चढणार्‍याला एक दिलासा असतो: वळण दिसते, माथा दिसतो, आणि चढलेले सारे उतारावर व्याजासह परत मिळते. वार्‍याला माथा नसतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 15 किलोमीटरने चालणार्‍याला समोरून ताशी 30 चा वारा लागला, तर तो 45 च्या वार्‍याशी झुंजत असतो. म्हणजे रोध तिप्पट नव्हे, नऊपट. पुलाच्या हिशेबात हा दाब मी आयुष्यभर कागदावर मांडला. छातीवर घेण्याचा हा पहिलाच प्रसंग.

डचांनी याचीही शर्यत करून टाकली आहे. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसून त्यांची 1,836 माणसे दगावली. त्यानंतर जी प्रचंड बांधकामे झाली त्यांपैकी पूर्व स्केल्ड खाडीवरचा, दारे असलेला बांध 1986 मध्ये पुरा झाला. त्या बांधावर 2013 पासून ‘उलट्या वार्‍याची’ राष्ट्रीय शर्यत होते. अंतर साडेआठ किलोमीटर, सायकल साधी, बिनगियरची, सर्वांना सारखी. आणि वादळी वारा असल्याखेरीज शर्यत घ्यायचीच नाही असा नियम! वादळाचा अंदाज निघाला की अवघे काही दिवस आधी तारीख जाहीर होते.

वार्‍यामुळे आमचे बोलणे खुंटले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला बोलायचे होते. वाईचे आमचे घर विकावे असे धाकट्या भावाचे म्हणणे होते. घर दोघांच्या नावे, आणि माझ्यामागे हक्क हिचा. तू परत येणार असशील तर ठेवू, नसशील तर विकू, एवढे एकच वाक्य मी विमानात पाठ केले होते. बांधावर दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा वार्‍याने ते माझ्याच घशात परत घातले.

पुढे आम्ही बांधावरून खाली नदीच्या कुरणात उतरलो. तेथे गायी चरत होत्या आणि वाट म्हणजे निव्वळ चिखल. जाड टायर कशाला, हे तेथे कळले. माझी साधी सायकल असती तर ती तेथेच रुतून बसली असती. मी तरीही पडलो, तो माझा दोष. समोर पाहायचे सोडून मी चाकाकडे पाहत होतो. जिकडे डोळे, तिकडे सायकल, असे मुलीने हसत बजावले. चार गायी मात्र गंभीरपणे पाहत होत्या.

र्‍हेनन गावी पुलावरून नदी पुन्हा ओलांडली, आणि डचांचा ‘डोंगर’ समोर आला. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाची भिंत सरकत येथवर आली. तिने नद्यांनी आणलेली वाळू आणि गोटे ढकलून त्यांची लांबच लांब रास केली. बर्फ वितळले, रास राहिली. तिची आमेरोंगनजवळची सर्वोच्च टेकडी आहे 69 मीटरची. अशा टेकडीवरच्या बीच आणि पाइन वृक्षांच्या जंगलात या सायकलींसाठी निराळ्या वाटा आखल्या आहेत, हातभर रुंद आणि एकाच दिशेच्या. पायी चालणार्‍यांच्या वाटा वेगळ्या. सायकलवाले दरसाल एक छोटा बिल्ला विकत घेऊन सायकलीला चिकटवतात. त्या पैशातून आणि स्वयंसेवकांच्या श्रमांतून वाटांची निगा राखली जाते. उंची थोडी, म्हणून त्यांनी ती पुरवून वापरली आहे. वीस मीटर चढायचे, लगेच वळायचे, मुळांवरून उसळत उतरायचे, पुन्हा चढायचे. जो घाट आपण एकदा चढून विसरतो, तो हे लोक तुकडे करून दिवसभर चढतात. पायाखाली सगळी वाळू. पुढचा ब्रेक दाबला की चाक रुतलेच. पहिल्या अर्ध्या तासात मी डोंगराविषयीचे माझे सारे पांडित्य मागे घेतले.

आणि जेथे बर्फाने रास केली नाही तेथे माणसाने केली. उत्तरेकडील ड्रेंथ प्रांतात, वैस्टर गावाजवळ, शहरांतून रेल्वेने आणलेला केरकचरा 1929 साली स्थापन झालेल्या एका कंपनीने वर्षानुवर्षे साठविला. त्या ढिगाची टेकडी झाली. तिच्यावर माती, गवत आणि सायकलीचे रस्ते झाले, आणि 2023 मध्ये युरोपीय अजिंक्यपदाच्या रस्त्यावरील शर्यतींचा शेवट याच टेकडीवर झाला. आपल्या शहराबाहेर असाच एक ढीग आहे. त्याच्याविषयी मी अधिक बोलत नाही, नगरसेवक महोदय पहिल्या रांगेत बसले आहेत.

परतीच्या वाटेवर खेब्बेबेर्ख लागतो. 1940 च्या मे महिन्यात तेथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. शेजारीच सैनिकांची दफनभूमी आहे. सायकली हाती धरून आम्ही कड्यापाशी गेलो. उंची पन्नास मीटरच्या आसपास, पण खाली नदी, तिच्यापलीकडे बेटुवे, सकाळचा सारा बांध एका रेघेसारखा. सपाट देशात पन्नास मीटरही फार दूरवर दाखवतात. झाडांमुळे वारा नव्हता. मी पाठ केलेले वाक्य म्हटले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही गंगाकाठी चाळीस वर्षे राहिलात. तुम्ही परत गेलात का?”

मी म्हटले, “नाही. पण घर होते.”

“मग असू दे ना ते,” ती म्हणाली. “परत येईन असे मी म्हणत नाही. पण माझी ही सायकल कोठेतरी नीट चालवून बघायची आहे.”

भावाला मी त्याच रात्री फोन केला. त्याच्या हिश्श्याचे पैसे देण्यासाठी यंदा माझी ठेव मोडावी लागली. येत्या डिसेंबरात मुलगी येणार आहे. सायकल विमानातून आणायचे भाडे किती, याची चौकशी चालू आहे. पसरणीचा घाट ती एका दमात चढेल असे म्हणते. मी खाली, दुकानाशी, चहा घेत थांबणार आहे.