महसीर: पकडणे आणि जिवंत सोडणे

महसीर हा रोहू-कटल्याच्या, म्हणजे कार्प कुळातला मासा. अंगावर मोठे जाड खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, मांसल ओठ आणि वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याची ओढ ही त्याची ओळख. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महसीर असतो, नर्मदेत ‘टॉर टॉर’ आणि दख्खनच्या नद्यांत ‘टॉर खुद्री’. यातल्या शेवटच्या जातीचे वर्णन विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून 1839 मध्ये केले. मध्य प्रदेशाने 2011 मध्ये महसिराला राज्यमासा ठरवले.

छिंदवाड्याच्या पठारावर या नद्यांचा पाणलोट दुभागतो. उत्तरेकडे पडलेला पाऊस शक्कर आणि दुधीतून नर्मदेला जातो, तर दक्षिणेकडचा कन्हान आणि पेंचमधून वैनगंगेला आणि पुढे गोदावरीला. सौंसर आणि बोरगावचा मुलूख या दक्षिण उतारावर आहे. महसिराबद्दल जे काही ठरवायचे ते या भागाला दोन्ही खोऱ्यांकडे पाहून ठरवावे लागते.

गळाने महसीर धरण्याची हौस इंग्रजी अमलात वाढली. मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सलिवन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये निघाले आणि छडी-रीळवाल्यांचे ते अनेक वर्षे मार्गदर्शक राहिले. म्हैसूरच्या व्हॅन इंगन घराण्यातल्या एकाने 1946 मध्ये कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर धरला. तो विक्रम आजही सांगितला जातो. त्या काळी मोठा मासा मारायचाच असे. अमेरिकेतही तेच होते. जॉर्जिया राज्यात 2 जून 1932 रोजी जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ बास जातीचा मासा पकडला. वजन झाले, नोंद झाली आणि जागतिक विक्रमाचा तो मासा घरच्यांनी खाल्ला.

पकडलेला मासा सोडून देण्याची रीत पुढे रुजली. अमेरिकेत रे स्कॉट यांनी 1972 पासून आपल्या बासच्या स्पर्धांत मासे जिवंत ठेवून सोडण्याचा नियम आणला. त्याच वर्षी बंगळुरूमध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने कावेरीचा काही पट्टा राखला. परवाना काढून येणाऱ्या हौशी लोकांकडून पैसा येई, त्यातून राखणदार ठेवले जात आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना वचक बसे.

मोठा मासा सोडण्यामागे हिशेब आहे. महसिरात मादी नरापेक्षा मोठी होते आणि अंड्यांची संख्या तिच्या आकाराबरोबर वाढते. गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा बहुधा मादीच असते. ती वाढायला अनेक वर्षे लागलेली असतात आणि अंडी घालण्याची पुढची वर्षे तिच्यात शिल्लक असतात. बाजारात तिचे दाम एकदाच मिळतात.

मात्र पाण्यात परत गेलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. गळ लागल्यावर मासा जिवाच्या आकांताने ओढतो. स्नायूंना पुरेल एवढा प्राणवायू मिळत नाही, त्यात लॅक्टिक आम्ल साचते आणि रक्ताचा समतोल बिघडतो. तो भरून यायला काही तास लागतात. झुंज जितकी लांबते तितका तोटा वाढतो, आणि मोठ्या माशाची झुंज लांबतेच. त्यात पाणी गरम असले तर संकट दुहेरी होते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. माशाला मात्र गरम पाण्यात प्राणवायू जास्त लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये आटलेल्या डोहात दुपारी धरलेला मासा सोडला तरी त्याचा भरवसा नसतो. गळ टाकायचाच तर हिवाळ्यात, किंवा सकाळचे पाणी गार असताना टाकावा.

पुढची तयारी काठावरच करायची असते. बारीक दोऱ्यावर मोठा मासा खेळवण्यात कसब दिसते, पण त्यात मासा दमून मरतो. दोरा आणि छडी मजबूत हवी. एकच काटा वापरावा, तीन तोंडांचा गळ टाळावा. काट्याच्या टोकामागचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट केला की तो ओठातून क्षणात निघतो. कावेरीवर नाचणीच्या पिठाचे गोळे आमिष म्हणून चालत. असे मऊ आमिष मासा चटकन गिळतो, त्यामुळे दोरा ढिला सोडून वाट पाहत बसू नये. गळ घशात उतरला असेल तर तो ओढून काढू नये. दोरा तोंडाजवळ कापून टाकावा. ओढाताणीत कल्ले फाटण्यापेक्षा काटा आत राहिलेला बरा.

माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर रोगजंतू दूर ठेवतो, कोरड्या हाताने तो पुसला जातो. लार्जमाउथ बासला खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलतात. तिथे त्याचे दात रेतीकागदाएवढेच खरखरीत असतात. पण जड बास असा उभा लटकवला तर जबड्याच्या सांध्यावर सगळा भार येतो, म्हणून दुसरा हात पोटाखाली घालायचा असतो. महसिराला जबड्यात दात नसतात. आमिष चिरडणारे दात त्याच्या घशात असतात, त्यामुळे बोट आत घालू नये. कल्ल्यात बोटे अडकवून उचलणे, ओठातून दोरी ओवून मासा खुंटीला बांधून ठेवणे आणि वाळूवर टाकणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध. एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा छातीखाली ठेवून मासा पाण्यातच आडवा धरावा. जाळी वापरायची तर बिनगाठीची, रबराची असावी.

वजनासाठी मासा वजनकाट्याला टांगण्याची गरज नाही. तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पोटाचा घेर मोजपट्टीने पाण्यातच इंचांत घ्यावा. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि 800 ने भागावे. साधारण वजन पौंडांत मिळते. 40 इंच लांब आणि 24 इंच घेराचा मासा या हिशेबाने 28.8 पौंड, म्हणजे सुमारे 13 किलो भरतो. फोटो काढणाऱ्याने आधी तयार राहावे आणि मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. हवेत कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास थांबतो.

सोडताना तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला करून, मंद धारेत मासा सरळ धरून ठेवावा. पुढे-मागे हलवू नये. मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटे फिरते. मासा सावरला की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. त्याला हलकेच कुशीवर कलते केले असता डोळा आपली पातळी धरून फिरतो, आणि शेपटी पकडताच तो झटका देऊन सुटू पाहतो. या दोन्ही खुणा दिसल्या की हात सैल करावा. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कावेरीतल्या महसिरावर अशाच प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. नीट हाताळलेला महसीर बहुतेक वेळा जगतो, असे त्यातून दिसले.

खोल धरणाच्या तळातून वर आलेल्या बासचा वाताशय फुगतो आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही, कारण त्यातली हवा बाहेर सोडायची वाट त्याला नसते. कार्प कुळात वाताशय नळीने घशाला जोडलेला असतो, त्यामुळे महसीर ती हवा तोंडावाटे सोडतो. बासच्या पुस्तकांत सांगितलेला सुई टोचण्याचा उपाय महसिरावर करू नये.

कोणता मासा सोडावा हे पाणी कोणाचे आहे यावरही ठरते. लार्जमाउथ बास जपानमध्ये 1925 साली नेऊन सोडला गेला आणि तिथल्या मूळ माशांचा वैरी झाला. 2009 मध्ये पेरीच्या विक्रमाची बरोबरी करणारा मासा जपानच्या बिवा सरोवरातच सापडला. त्याच सरोवरात पकडलेला बास परत सोडण्याला शिगा प्रांताच्या नियमाने मनाई आहे. आपल्याकडे थाई मागूर तसाच उपरा आहे. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली. तो गळाला लागला तर परत पाण्यात टाकू नये. जवळची जातही चुकीच्या नदीत घातक ठरते. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून महसिराची पिल्ले तयार होत आली. तिथली खुद्री कावेरीत सोडली गेली, तिथे माजली आणि कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर मागे रेटला गेला. तो आज अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो.

कायद्याची चौकटही माहीत हवी. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. त्यामुळे अभयारण्यात गळ टाकून मासा सोडून दिला तरी तो गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतो; कावेरीच्या अभयारण्यातली हौशी मासेमारीची शिबिरे याच मुद्द्यावर थांबली. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात विस्थापितांना दिलेल्या 305 मासेमारी परवान्यांचा वाद 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने परवाने एकदम रद्द न करता त्यांना कडक अटी घातल्या. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्याला तर 1897 च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

मध्य प्रदेशाच्या 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारी बंदीचा काळ. महसीर पावसाळ्यात धारेविरुद्ध वर चढून गोट्या-वाळूच्या तळावर हप्त्याहप्त्याने अंडी घालतो आणि त्याचा हंगाम सप्टेंबरपर्यंत लांबतो. कायद्याची मुदत त्याआधीच संपते. म्हणून ज्यांना पुढच्या वर्षीही नदीत मोठा मासा हवा आहे, त्यांनी 15 ऑगस्टनंतरचा दीड महिना गळ स्वतःहून घरीच ठेवावा.