नाउरूची ३१ जानेवारी
नकाशावर नाउरू शोधा. पॅसिफिकमध्ये ठिपका सापडेल. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. पण जमिनीत फॉस्फेट, म्हणजे परदेशच्या शेतांना खत! त्यावर अंमल १९१४ पर्यंत जर्मनांचा, मग ऑस्ट्रेलियाचा. १९४२ साली जपानी आले. हे भांडण कुणाचे, असे बेटकऱ्यांना कुणी विचारलेच नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी १२०० नाउरूवासी जहाजांत घालून दीड हजार किलोमीटरहून दूर, ट्रुक बेटांवर वेठीला नेले. तिथे उपासमार, रोगराई आणि वरून बाँब. ३१ जानेवारी १९४६ रोजी घरी परतले ते ७३७.

आता पाहा, १९६८ साली स्वातंत्र्य घ्यायचे ठरले, तेव्हा या लोकांनी दिवस कोणता निवडला? तोच, ३१ जानेवारी. मला वाटते, परतून आलेल्यांना स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.