कारभारी : एका शब्दाचा भार
(पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



‘कारभारी’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. शेतकरी कुटुंबात पत्नी पतीचे नाव न घेता त्याला ‘कारभारी’ म्हणते. वाड्याची जमीन, वसुली आणि हिशेब पाहणाराही कारभारीच. संस्थानांच्या काळात तर कित्येक ठिकाणी मुख्य प्रशासकाचे हेच पदनाम होते. फारसीतील ‘कारोबार’शी या शब्दाचे नाते जोडले जाते, मराठी कानाला मात्र त्यात ‘भार’ ऐकू येतो.

इतिहासानेही हाच अर्थ दृढ केला आहे. १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या काही आठवड्यांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. राज्य चालवले ते सखारामबापू बोकील, नाना फडणवीस आदी कारभाऱ्यांनी. गादी एकाची, कारभार दुसऱ्यांचा. म्हणजे कारभारी हा मालक नव्हे. दुसऱ्याचे धन त्याच्याच नावाने सांभाळणारा तो माणूस. न्यासाच्या बाबतीत त्याला आपण ‘विश्वस्त’ म्हणतो, निवडणुकीपर्यंतच्या सरकाराला ‘काळजीवाहू’.

मात्र लोकांना या पदाचा मोहही ठाऊक आहे. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. म्हणूनच ग्रामसभेपुढे जमाखर्च मांडणे हा केवळ उपचार नव्हे. तळे गावाचे आहे, हे राखणदाराला आठवून देण्याची ती रीत आहे.

आता ‘कारभारीण’ हा शब्द पाहा. आजवर त्याचा रूढ अर्थ कारभाऱ्याची पत्नी असा होता. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या; २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्याने या शब्दाला नवा अर्थ दिला. परंतु सही तिची आणि निर्णय पतीचा, असे जिथे घडते तिथे जुनाच अर्थ मागच्या दाराने परत येतो. बैठकीत तिच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडू नये, प्रश्न तिलाच विचारावा आणि कागद तिच्याच हाती द्यावा. एवढे पथ्य अधिकारी, सदस्य आणि शिक्षक सहज पाळू शकतात.

शब्दकोश अर्थ नोंदवतो. अर्थ घडतो तो चावडीवर. पुढील ग्रामसभेत हिशेबाची वही कारभारणीने स्वतः उघडावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.