आगमवाचनांची परंपरा

ज्या अमरावती नगरीतून ‘षट्खंडागमा’वरील वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेचा पहिला भाग 1939 मध्ये छापून बाहेर पडला, तेथेच जैन आगमांच्या अभ्यासाची ही परिषद भरावी, हे अत्यंत उचित आहे.

तीर्थंकरांचा उपदेश गणधरांनी, म्हणजे त्यांच्या प्रमुख शिष्यांनी, सूत्ररूपात गुंफला, तोच आगम. तो शतकानुशतके मुखोद्गत राहिल्याने दुष्काळात जाणते साधू निवर्तले की त्यांच्याबरोबर पाठही लोपत. श्वेतांबर परंपरेनुसार 12 वर्षांच्या दुष्काळानंतर पाटलिपुत्रात पहिली वाचना झाली, म्हणजे साधुसंघाने एकत्र बसून आठवणीतले पाठ जुळवले. त्यातून 11 अंगे, म्हणजे आगमाचे मूळ ग्रंथ, सिद्ध झाली, बारावे ‘दृष्टिवाद’ मात्र त्या वेळी नेपाळात असलेल्या भद्रबाहूंनाच अवगत होते. पुढे मथुरेत स्कंदिलाचार्यांनी आणि वलभीत नागार्जुनाचार्यांनी साधारण एकाच काळात स्वतंत्र वाचना घेतल्या, आणि दोघांची भेट न झाल्याने पाठभेद तसेच राहिले. वीरनिर्वाण संवत 980 (मतांतराने 993) मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभीतच आगम लिपिबद्ध करवले, तेव्हा माथुरी पाठ मुख्य धरला गेला, तरी नागार्जुनीय पाठ पुसला गेला नाही. ‘आचारांगा’वरील टीकाग्रंथांत तो जागोजागी नोंदलेला आहे. दुसऱ्याचा पाठ जपण्याची ही सचोटी या वाचनांचे खरे वैभव होय.

दिगंबर परंपरेला हे संकलन मान्य नाही. तिच्या मते मूळ अंगे लोप पावली आणि उरलेले श्रुतज्ञान गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली यांना दिले, त्यातून ‘षट्खंडागम’ रचला गेला. त्याची ताडपत्रे मूडबिद्रीत जपलेली होती, डॉ. हीरालाल जैन यांनी मात्र संपादनाचा आरंभ अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती परस्परांशी ताडून केला, मूडबिद्रीच्या पाठांशी मेळ पुढे घातला गेला, आणि 16 भागांत ‘धवला’ वाचकांच्या हाती आली. वाचनेचे काम छापखान्याच्या युगातही संपलेले नव्हते, ते आजही संपलेले नाही.

म्हणून ज्यांच्या मंदिरात वा घरी हस्तलिखित पोथ्या असतील त्यांनी त्या अभ्यासकांना पाहू द्याव्यात, त्यांची सूची आणि छायाचित्रे करू द्यावीत, अशी स्वागत समितीची सर्व उपस्थितांना आग्रहाची विनंती आहे.