सुट्टीत घडतो खेळाडू

बास्केटबॉलचा जन्मच मुळी इतर खेळांच्या सुट्टीत झाला. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये कडाक्याची थंडी, मैदानं बंद. कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. जमिनीपासून उंची १० फूट. रिंग आजही तिथेच आहे.

आपल्याकडे मात्र शालेय स्पर्धा संपल्या की चेंडू माळ्यावर जातो. मी मुलांना शिकवतो, म्हणून सांगतो, सामन्यात नवं काही शिकता येत नाही. तिथे हाताला आधीपासून असलेली सवयच धावून येते. ती सवय लागते सुट्टीत.

उजव्या हाताच्या मुलाला मी सुट्टीभर डाव्या हाताने ड्रिबल करायला लावतो. आठ दिवस तो वैतागतो, मग हात ऐकू लागतो. बास्केट मारण्याचा सराव रिंगजवळून सुरू करावा आणि हात बसला की एकेक पाऊल मागे यावं. १२ वर्षांखालच्या मुलांना ५ नंबरचा चेंडू द्यावा. मिनी बास्केटबॉलची रिंगही २.६० मीटरवर असते. जड चेंडू उंच रिंगवर भिरकावताना लागलेलं वळण पुढे सुटता सुटत नाही.

फ्री थ्रोला समोर कुणी आडवं येत नाही. तरी तो चुकतो, कारण सामन्यात छाती धपापत असते. म्हणून आधी मैदानाला दोन फेऱ्या, मग दोन फ्री थ्रो, आणि किती पडले ते वहीत. प्रशिक्षकांनी एका वेळी एकच चूक दाखवावी. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले हवेत, हे मात्र रोज सांगावं. दुखावलेला गुडघा अख्खा हंगाम खातो.

आता पालकांशी थोडं. दहावी आली की खेळ बंद होतो, मुलींचा तर आधीच. माझ्याकडच्या एका मुलीच्या वडिलांकडे मी रोजचा फक्त अर्धा तास मागितला. दोरीवरच्या उड्या आणि इमारतीखाली डाव्या हाताचं ड्रिबलिंग, एवढंच. परीक्षा झाली आणि ती मैदानावर परत आली. तिच्याबरोबर खेळणाऱ्या, पूर्ण थांबलेल्या चौघींपैकी एकही आली नाही.

तो अर्धा तास तेवढा मुलांना द्या.