कामावरचे शिकणे : मेहेरबानी नव्हे, हक्क

(मोखाडा येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरी लागली की शिक्षण संपले, असा आपल्याकडे समज आहे. आम्ही बँकेत कारकुनी करतो. आमचा अनुभव उलटा आहे. पदवी दारापर्यंत नेते, आतले काम मात्र कामावरच शिकावे लागते. पण ते कोणाला शिकू द्यायचे, हे पूर्वी कोण ठरवीत असे?

मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. तेथे जॉबर आपल्या गावचा, नात्यातला माणूस आणी आणि तो जुन्या कामगाराशेजारी उभा राहून काम शिके. अस्पृश्य कामगाराला मात्र साचेखात्यात उभे करीत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, त्याने विटाळ होतो, हे कारण! मजुरी जास्त होती ती नेमकी साचेखात्यातच. म्हणजे शिकण्याची बंदी ही पगाराचीच बंदी होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्यांबरोबर तंत्रशिक्षणाच्या सोयीही मागितल्या. सरकारी छापखाने व रेल्वे कारखाने यांतील उमेदवारीचाही विचार त्यात होता. १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या. युद्धकाळातील तंत्रप्रशिक्षण योजना मजूर खात्याकडेच होती, आणि बेव्हिन योजनेखाली हिंदी कामगार शिकण्यासाठी इंग्लंडला जात होते. १९४५ साली सेवायोजन कार्यालयेही याच खात्याने सुरू केली.

पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. आयटीआय ही तिचीच देणगी. १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. जॉबरच्या मर्जीवर असलेली गोष्ट कायद्यात आली, हे अंतर लहान नाही.

आमच्या क्षेत्रातही तसेच घडले. रिझर्व्ह बँकेने १९५४ साली मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि शिकवलेल्या माणसांची गरज वाढली. नंतर खतावण्या जाऊन संगणक आले. ज्यांनी प्रशिक्षण घेतले ते पुढे गेले. ज्यांनी टाळले ते त्याच खुर्चीवर राहिले. सरकारी बँकांत बढतीपूर्वी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी खास प्रशिक्षणाची सोय असते, पण तेथेही नाव आपणच नोंदवावे लागते.

आता आपल्या भागाकडे पाहू. जव्हार-मोखाड्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. विटा थापण्याची कला त्यांच्या हातात असते, पण तिचा कागद कोणी देत नाही. म्हणून वर्षानुवर्षे काम करूनही माणूस अकुशलच राहतो. कायम नोकऱ्या कमी होत आहेत, कंत्राटी वाढत आहेत, आणि कंत्राटी माणसाला शिकवण्याचा खर्च करायला मालक राजी नसतो. साचेखात्याचा दरवाजा आता विटाळाच्या नावाने बंद होत नाही. तो खर्चाच्या नावाने बंद होतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर विचारा : येथे काय शिकवणार आणि त्याचा दाखला देणार काय? आयटीआय करणाऱ्यांनी शिकाऊ उमेदवारीची जागा सोडू नये. पुण्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि आदिवासींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आणि जे आधीच नोकरीत आहेत त्यांनी रविवारचा एक तास मागच्या मुलांसाठी द्यावा. अर्ज भरून द्यावेत, परीक्षेची तयारी करून घ्यावी. आपण शिकलो ते आपल्यापाशीच थांबले, तर आपणही जॉबरच झालो असे म्हणावे लागेल.